भाकरी आणि पाटी : दुष्काळी मुलखांतील शाळेचा इतिहास

जुबिलीच्या पुस्तिकेंत देवळाच्या पायाचा दगड कोणी बसविला, घंटा कोठून आली, कोणत्या सालीं कोणते धर्मगुरू येथें होते, ह्याचा वृत्तांत द्यावयाचा अशी चाल आहे, व ती योग्यच आहे. परंतु आमच्या मराठी ख्रिस्ती समाजांतील पुष्कळ घराण्यांचा इतिहास देवळाच्या पायापासून सुरू होत नाहीं. तो राहुरी, नेवासें, शेवगांव, संगमनेर अशा तालुक्यांतील एखाद्या कोरड्या गांवीं, लिंबाच्या झाडाखालीं बसून पाटीवर काढिलेल्या पहिल्या अक्षरापासून सुरू होतो. आज पुण्या-मुंबईस नोकरी-धंद्यानें स्थिर झालेल्या कुटुंबांतील वडील माणसांस विचारून पाहावें. आजा-पणजा कोणत्या दुष्काळांत गांव सोडून निघाला व कोणत्या मास्तरानें त्याच्या पोरांस अक्षर दिलें, हें त्यांस बहुधा ठाऊक असतें. त्या कोरड्या मुलखांतील शाळेची हकीकत वाचकांपुढें मांडावी, असें आम्हीं योजिलें आहे. ती एकट्या आमच्या समाजाची हकीकत नव्हे. पाऊस चुकला म्हणजे तो गांवांतील सर्वांचाच चुकतो.

सह्याद्रीच्या माथ्यावर, अकोलें तालुक्याच्या पश्चिम टोकास घाटघर-रतनवाडीच्या बाजूस, पावसाळ्यांत हजारों मिलिमीटर पाऊस कोसळतो. तोच वारा घाट उतरून पूर्वेस येतो तेव्हां रिता झालेला असतो. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी ह्या तालुक्यांत वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. आणि तोहि वेळेवर येईल असा भरंवसा नाहीं. नगर जिल्हा (सन २०२४ पासून ज्यास अहिल्यानगर असें नांव आहे) हा ह्या पट्ट्याचा मध्य धरिला, तर दक्षिणेस दौंड-बारामतीकडील जिराईत भाग, त्यापुढें माण, खटाव, आटपाडी व जत, आणि पूर्वेस बीडकडील आष्टी-पाटोदा, असा हा पर्जन्यछायेचा प्रदेश पसरला आहे. हस्ताचा पाऊस झाला तर ज्वारी. ज्वारी झाली तर माणसास भाकरी व जनावरास कडबा. हस्त कोरडा गेला, कीं पुढील मृगापर्यंत गांवांत काम नाहीं. मग माणसें जगावयास बाहेर पडतात, आणि त्यांच्या पाठीशीं लेंकरें. ह्या मुलखांतील शाळा गुरुजी वाईट म्हणून क्वचितच ओस पडते. मुलें आईबापांच्या मागें चालत निघून गेलीं म्हणून ती ओस पडते. एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढील इतिहास समजावयास सोपा जातो.

प्रथम कागदाची गोष्ट सांगितली पाहिजे. ता. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं आसपासच्या गांवचे शेतकरी सावकारांच्या घरां-दुकानांवर चालून गेले, व तेथून हा दंगा पुणें आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरला. माणसांस जिवें मारण्याचे प्रकार त्यांत फार थोडे झाले. जमावाचा रोख होता तो गहाणखतें, रोखे व हुकूमनामे ह्यांवर. ते हातीं लागले कीं त्यांचा ढीग करून तो पेटवून द्यावयाचा. जाळणारांपैकीं बहुतेकांस त्या कागदांवर काय लिहिलें आहे तें वाचतां येत नव्हतें. आपण किती घेतलें, किती फेडिलें, व्याज कोठें चढलें, हें सारें दुसऱ्याच्या चोपडींत. आपला असा काय तो आंगठा. पुढें सन १८७९ च्या शेतकऱ्यांच्या कायद्यानें रोखे गांवच्या रजिस्ट्रारापुढें लिहून व्हावे असें ठरलें, आणि जुन्या देण्याचा हिशेब मुळापासून उकलून पाहण्याची मुभा न्यायाधीशास मिळाली. कायदा चांगला होता. पण कायद्याचा कागदहि शेवटीं कागदच; ज्या गांवांत तो वाचणारा माणूस नाहीं त्या गांवास त्याचा उपयोग तो काय? दक्षिणेंतील खेड्यांस शाळा कां हवी, हें सुप्याच्या त्या जाळांत जितकें स्वच्छ दिसतें तितकें कोणत्याहि सरकारी ठरावांत दिसत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

ह्या दंग्यास दीड वर्ष होत आहे तोंच सन १८७६ चा पाऊस गेला, आणि दक्षिणेवर तो महादुष्काळ ओढवला, ज्याचें नांव अजून म्हाताऱ्यांच्या तोंडीं आहे. सरकारनें खडी फोडण्याचीं व रस्त्यांचीं कामें काढिलीं. दौंड-मनमाड हा लोहमार्गहि त्याच वर्षांत तयार होऊन १८७८ सालीं सुरू झाला. सन १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल ह्यांच्या सल्ल्यानें मजुरांचा शिधा दिवसास एक रत्तल धान्य व वर किरकोळ पैसे, इतक्यावर आणिला गेला. दिवसभर घण मारणाऱ्या माणसास तो पुरेना, आणि मुंबई इलाख्यांतील हजारों मजूर कामें सोडून चालते झाले. त्या काळीं पुण्याजवळ धनकवडी येथें सत्यशोधक समाजानें व्हिक्टोरिया बालाश्रम काढून दुष्काळी मुलांच्या जेवणाची सोय केली. जोतीराव फुले व सावित्रीबाई हीं उभयतां पाटी-पुस्तकाचा प्रसार करणारीं. पण दुष्काळांत त्यांनींहि प्रथम चूल पेटविली.

ह्याच जोतीरावांनीं पांच वर्षांनीं, सन १८८२ मध्यें, हंटर साहेबांच्या शिक्षण आयोगापुढें जें निवेदन दिलें, तें आज वाचतांना आश्चर्य वाटतें. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें असावें, ही त्यांची मागणी सर्वांस ठाऊक आहे. परंतु आणखी एक गोष्ट त्यांत आहे. खेड्यांतील मास्तर हा शेतकरी वर्गांतूनच निवडिला जावा, नांगर किंवा सुताराचें वाकस हातीं धरण्यास तो लाजणारा नसावा, आणि शेती व आरोग्य ह्यांचें सोपें ज्ञान शाळेंत मिळावें, असें त्यांचें म्हणणें होतें. ह्या मागणीस शंभरांवर वर्षें लोटलीं, तरी ती पूर्ण झाली असें म्हणवत नाहीं.

आतां आमच्या मिशनाकडे वळूं. नगरास अमेरिकन मराठी मिशन सन १८३१ मध्येंच आलें होतें. सिंथिया फॅरर बाईंच्या मुलींच्या शाळांची कीर्ति पुण्यापर्यंत पोंचली होती. कॅथलिक जेसुइट धर्मगुरू त्या मानानें उशिरा, म्हणजे महादुष्काळाच्या शेवटीं, सन १८७८ मध्यें राहुरी तालुक्यांतील केंदळ-वळण ह्या बाजूस आले. जे लोक त्यांच्याकडे आले ते प्रायः अस्पृश्य मानलेल्या महार व मांग समाजांतील, भूमिहीन किंवा नांवापुरती इनामी जमीन असलेले. त्यांच्या मुलांस गांवच्या शाळेंत प्रवेश मिळालाच तर बसण्याची जागा ओट्याखालीं. अशा लोकांसाठीं मिशनानें जी शाळा उभारिली ती इमारत नव्हती. तो एक माणूस होता. त्यास ‘मास्तर’ म्हणत. तो त्याच वाड्यावर बायकामुलांसह राही. सकाळीं मुलांस मुळाक्षरें व उजळणी शिकवी, संध्याकाळीं दिवसाचें काम आटोपून आलेल्या मोठ्या माणसांस प्रार्थना व धर्मबोध सांगे, आणि मधल्या वेळांत साऱ्या वस्तीचा चिटणीस होई. कोणाची मनीऑर्डर, कोणाचा तलाठ्याकडे अर्ज, कोणाचा सावकाराशीं हिशेब, सर्व कागद त्याच्या पुढें यावयाचे. सुप्यास जो कागद जाळावा लागला, तो येथें कंदिलाच्या उजेडीं मोठ्यानें वाचिला जाऊं लागला. ज्याच्या घरीं मास्तराची बैठक असे, त्याचा आंगठा घेतांना समोरचा माणूस दोनदां विचार करी, असें आमचे वडील सांगत.

येथें एक अप्रिय गोष्ट टाळून पुढें जाणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. “भाकरीसाठीं बाटले” हा टोमणा आमच्या समाजानें पिढ्यानपिढ्या ऐकिला आहे. दुष्काळानें लोकांस मिशनाच्या दाराशीं आणिलें, ही गोष्ट खरी आहे, व ती नाकारण्याचें कारण नाहीं. उपाशी माणूस जेथें भाकरी मिळते तेथें जातो. खडीच्या कामावर गेलेल्या लाखों हिंदु-मुसलमान शेतकऱ्यांनींहि तेंच केलें. विचार करण्यासारखा प्रश्न निराळा आहे. पुढच्या सालीं पाऊस पडला, धान्य स्वस्त झालें, तेव्हां हे लोक मास्तराच्या पडवींतून उठून कां गेले नाहींत? कांहीं गेलेहि. जे राहिले, त्यांना श्रद्धेबरोबर तेथें आणखी एक वस्तु मिळाली होती, जी गांवांत दुसरीकडे कोणी त्यांस देत नव्हतें. त्यांच्या मुलास सर्वांच्या बरोबरीनें बसवून कोणी तरी शिकवीत होतें. हें आमचें मत झालें. टोमणा मारणारानें त्याचा विचार करावा इतकेंच.

मास्तराच्या पाठोपाठ वसतिगृह आलें, कारण मास्तर कितीहि चांगला असला तरी त्याचे विद्यार्थी हंगामांत निघून जात. मूल शाळेंत ठेवावयाचें तर तें जेवूं घातलें पाहिजे, आणि आईबाप परत येईतों सांभाळिलें पाहिजे, हें मिशनाच्या धर्मगुरूंस फार लवकर कळून आलें. हेन्री डोरिंग ह्या जर्मन जेसुइटांनीं सन १९०३ मध्यें केंदळ येथें ‘निरोप्या’ हें मराठी मासिक काढिलें, तें ह्या नव्या वाचकांसाठींच. एका पिढीपूर्वीं ज्या वस्तींत एकहि अक्षर येत नव्हतें, तेथें महिन्याच्या महिन्यास छापील अंकाची वाट पाहिली जाऊं लागली. डोरिंग हे १९०७ सालीं पुण्याचे बिशप झाले. पुढें पहिल्या महायुद्धांत जर्मन धर्मगुरूंस मिशन सोडून जावें लागलें. डोरिंग ह्यांस सन १९२१ मध्यें थेट जपानांत हिरोशिमा येथें नेमण्यांत आलें, आणि १९२७ सालीं ते पुण्यास परत आले. ह्या मधल्या काळांत खेड्यापाड्यांतील शाळा ज्यांनीं धरून ठेविल्या त्यांत देशी मास्तरांचा वांटा मोठा होता. त्यांच्यापैकीं फारच थोड्यांचीं नांवें कोठें छापलीं गेलीं आहेत.

दौंड तालुक्यांतील केडगांव येथें पंडिता रमाबाईंनीं जें केलें तें ह्याच जातीचें. बाई आमच्या पंथाच्या नव्हत्या, परंतु त्यांचा उल्लेख केल्यावांचून हा इतिहास अपुरा राहील. त्यांचे स्वतःचे आईबाप दुष्काळांत अन्नावांचून गेले होते. सन १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या व शेंकडों अनाथ मुली बरोबर घेऊन आल्या. १९०० सालीं गुजराथेकडील मुली आल्या. केडगांवच्या माळावर विहिरी खणल्या, शेती केली, माग बसविले, छापखाना घातला. आणि मुलींनीं लिहिणें-वाचणें शिकतां शिकतां हीं सारीं कामेंहि शिकून घेतलीं. पाऊस न पडणाऱ्या माळावर एखादी वस्ती आपल्या अंगमेहनतीनें उभी राहूं शकते, आणि तीहि मुलींच्या हातांनीं, हें तेथें लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें.

ह्यानंतर सातारकडे पाहिलें पाहिजे. कोल्हापुराकडील कुंभोज येथें १८८७ सालीं जन्मलेले भाऊराव पाटील हे जैन कुटुंबांतले. कांहीं काळ ते किर्लोस्करांचे नांगर खपवीत खेडोपाडीं हिंडले. शेतकऱ्याची स्थिति त्यांनीं पुस्तकांत वाचिली नव्हती, त्याच्या ओसरीवर बसून पाहिली होती. सन १९१९ मध्यें कऱ्हाड तालुक्यांतील कालें ह्या गांवीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढिलें. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन, सर्व जातींचीं मुलें तेथें एका पंक्तीस बसत. स्वयंपाक तींच करीत, पाणी तींच भरीत, भाजीपाला तींच पिकवीत. महात्मा गांधींनीं १९२७ सालीं ह्या वसतिगृहास भेट देऊन त्यास छत्रपति शाहूंचें नांव दिलें. माण-खटावसारखे कोरडे तालुके ज्या जिल्ह्यांत आहेत, तेथें रोख वर्गणी कोण देणार? म्हणून भाऊरावांनीं घरोघर मूठ मूठ धान्य मागितलें. दळावयास बसलेली बाई जात्यांत घालण्यापूर्वीं एक मूठ बाजूस काढून ठेवी, आणि तिच्या गांवचा नसलेलाहि कोणी मुलगा त्यावर शिके. आमच्या मतें ह्या मुठींत पैशापेक्षां अधिक कांहीं होतें. जिनें धान्य दिलें ती बाई शाळेची मालकीण झाली. शाळा ही साहेबाची, सरकारची किंवा मिशनाची वस्तु आहे, ही समजूत तिच्यापुरती तरी गेली.

एका वर्षीं मात्र मुठीनेंहि भागेना, तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनीं मुलांच्या जेवणासाठीं आपले दागिने, शेवटीं मंगळसूत्रसुद्धां, काढून दिलें. त्या सन १९३० मध्यें वारल्या. पतीचें नांव सर्वत्र झालें. ह्या बाईंचें नांव शाळांच्या भिंतींवर असतें, परंतु शेंकडों मुलांस दोन वेळां जेवूं घालणें म्हणजे काय, हें स्वयंपाकघर चालविणाऱ्यासच समजेल. सातारचें छत्रपति शिवाजी महाविद्यालय १९४७ सालीं निघालें, आणि ‘कमवा व शिका’ ही रीति महाविद्यालयापर्यंत पोंचली. नगरचें अहमदनगर कॉलेजहि, डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे ह्यांच्या खटपटीनें, त्याच सालचें. भाऊराव १९५९ सालीं निवर्तले.

येथवरच्या इतिहासांत अभिमान वाटावा असें पुष्कळ आहे. आतां त्याची दुसरी बाजू. वसतिगृहानें मूल वांचविलें, शिकविलें; परंतु शिकलेलें मूल गांवीं परतलें काय? आमच्याच समाजाकडे पाहा. जो मुलगा मिशनाच्या वसतिगृहांत सातवी शिकला तो मास्तर झाला. त्याचा मुलगा रेल्वेंत किंवा टपालांत लागला. नातू पुण्यास कारखान्यांत गेला. मुली परिचारिका झाल्या, शिक्षिका झाल्या. प्रत्येक घर एका एका पायरीनें वर चढलें, आणि प्रत्येक पायरीगणिक गांवापासून दूर गेलें. नाताळास व मातमाउलीच्या यात्रेस आम्ही जातों; सप्टेंबरांत हरेगांवचा रस्ता माणसांनीं फुलून जातो. परंतु यात्रा आटोपली कीं गाड्या पुन्हा शहराकडे वळतात, आणि गांवच्या विहिरीला तेव्हांहि पाणी नसतें. शिक्षणानें माणूस तरला, गांव तरलें नाहीं. ह्याबद्दल आम्ही कोणास दोष देत नाहीं. ज्या गांवानें आजाला पाणवठ्यावर चढूं दिलें नाहीं, तेथें नातवानें परत जावें असें कोणत्या तोंडानें म्हणावें? तरी पण ही खंत आहे, आणि ती लपवून जुबिली साजरी करणें आम्हांस जमत नाहीं.

दरम्यान मुलखाचें रूपहि पालटलें होतें. प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. पाटाचें पाणी राहुरी-श्रीरामपुराकडे आलें, ऊस आला, हरेगांवास बेलापूर कंपनीचा कारखाना धुराडें सोडूं लागला. १९५० च्या सुमारास लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या पुढाकारानें शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पाटाखालच्या गांवांत शाळा, दवाखाने, पुढें महाविद्यालयेंहि आलीं. पण ऊस तोडण्यास माणूस लागतो, आणि तो पाटाखालच्या गांवांत मिळेना. तो पाथर्डी, शेवगांव, जामखेड, आष्टी, पाटोदा येथून येऊं लागला. ओल्या मुलखाची भरभराट कोरड्या मुलखाच्या कोयत्यावर उभी राहिली. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन निघालेलें कुटुंब चैत्राच्या आसपास परत येतें. म्हणजे शाळेच्या वर्षाचा जवळ जवळ अर्धा भाग मूल उसाच्या फडांत, पाचटाच्या कोपींत. हजेरीपटावर त्याचें नांव असतें.

सन १९७२ चा दुष्काळ अनेक वाचकांच्या आठवणींतला असेल. मे १९७३ मध्यें महाराष्ट्रांत सुमारें ५० लाख माणसें दुष्काळी कामांवर होतीं. अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आणि सुकडी, ह्यांची चव त्या पिढीच्या जिभेवर कायम राहिली. त्या संकटांतूनच रोजगार हमीची योजना वाढली व १९७७ सालीं तिचा कायदा झाला. माणसास गांवाजवळ काम मिळालें तर मूल शाळेंतून उठत नाहीं, हा तिचा एक लाभ आम्ही मोठा मानतों.

त्या वेळीं नगर जिल्ह्यांत हर्मन बाखर नांवाचे एक स्विस जेसुइट धर्मगुरू होते. १९२४ सालीं जन्मलेले बाखर १९४८ मध्यें ह्या देशांत आले, आणि संगमनेर व नगर येथें त्यांचें आयुष्य गेलें. प्रथम त्यांनीं शेतकऱ्यांस विहिरींसाठीं कर्ज मिळवून देण्याच्या कामीं पुष्कळ खटपट केली. विहिरी झाल्या, इंजिनें आलीं. आणि कांहीं वर्षांत विहिरी वाढल्या तसतसें पाणी खोल गेलें. तेव्हां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, पाणी विहिरींत शोधून उपयोग नाहीं. तें डोंगराच्या माथ्यावर अडविलें पाहिजे. पाऊस जेथें पडतो तेथपासून खालीं, माथ्याकडून पायथ्याकडे, समपातळीचे चर, झाडें, गवत, बांध आणि शेवटीं ओढ्यावर नालाबांध, असा हा क्रम. ह्या विचारांतून पुढें इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला, आणि १९९३ सालीं फादर बाखर व क्रिस्पिनो लोबो ह्यांनीं नगर येथें वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापिली. बाखर २०२१ सालीं वारले.

वाचक म्हणतील, शाळेच्या इतिहासांत हे चर आणि बांध कशाला? आमच्या मतें ती त्या मुलखांतील सर्वांत मोठी शाळा होती, आणि तींत विद्यार्थी होते ते चाळीस-पन्नास वर्षांचे आईबाप. समपातळी कशी धरावी हें त्यांस शिकावें लागलें. तीन काठ्यांची चौकट, मधोमध दोरीस बांधलेला दगड. दगडाची दोरी आडव्या काठीच्या खुणेवर आली कीं चौकटीचे दोन्ही पाय एका पातळींत. निरक्षर माणसें ही भूमिति एका दुपारांत शिकलीं. मग प्रत्येक शेतांत नवरा-बायको दोघांसहि उभें करून, गट नंबरवार, तुमच्या ह्या तुकड्यांत काय करावयाचें, असें विचारून नकाशा करावयाचा. बायकोस विचारण्याची चाल कित्येक घरांत तेथूनच पडली. मोठें काम मिळण्यापूर्वीं गांवानें एका लहान तुकड्यावर श्रमदान करून आपली एकी सिद्ध करावी, अशी अट असे. ती कठीण होती, आणि योग्य होती.

संगमनेर तालुक्यांतील दरेवाडी येथें हें काम १९९६ ते २००१ च्या दरम्यान झालें. डोंगरावर चराईबंदी करावयाची म्हटल्यावर मेंढरें राखणाऱ्या घरांचा विरोध होणारच; बागाईतदाराचें पाणी वाढावें म्हणून धनगरानें आपलीं मेंढरें कां उपाशी ठेवावीं? ही तक्रार न्यायाची आहे. जेथें जेथें ह्या तक्रारीचें उत्तर सभेंत बसून, चराईचे तुकडे पाळीपाळीनें मोकळे ठेवून दिलें गेलें, तेथें बंदी टिकली. जेथें ती दडपली गेली तेथें रात्रीं चर बुजूं लागले. सभेंत बोलणें, ऐकून घेणें, हिशेब फळ्यावर लिहून सर्वांस दाखविणें, हें शिक्षण कोणत्याहि इयत्तेंत नाहीं.

पारनेर तालुक्यांतील राळेगण सिद्धी आणि नगर तालुक्यांतील हिवरे बाजार हीं गांवें तर सर्वविश्रुत आहेत. राळेगणांत १९७५ नंतर अण्णा हजारे ह्यांच्या प्रेरणेनें जें काम झालें त्यांत एक शाळाहि होती, व तिची रीत निराळी होती. दुसरीकडे नापास झालेल्या मुलांस ती आवर्जून घेई. हिवरे बाजार हें गांव पोपटराव पवार ह्यांच्या सरपंचपणांत १९९० नंतर सावरलें. तेथें पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेंत मांडितात. पाऊस किती झाला, प्यावयास किती, जनावरांस किती, आणि उरलेल्या पाण्यावर कोणतीं पिकें घ्यावयाचीं, हें सर्वांसमक्ष ठरतें. ऊस व केळीं लावूं नयेत, शेतीसाठीं कूपनलिका खोदूं नयेत, असे नियम गांवानें स्वतः केले. सावकाराच्या चोपडींतील आपला हिशेब ज्यांच्या पणजोबांस वाचतां येत नव्हता, ते आतां पावसाचा हिशेब फळ्यावर मांडितात. शहरांत गेलेलीं कित्येक कुटुंबें त्या गांवीं परत आलीं. वर आम्हीं जी खंत बोलून दाखविली तिच्यावर ह्याहून चांगलें औषध आमच्या पाहण्यांत नाहीं.

परंतु अशीं गांवें थोडीं, आणि कोयता घेऊन निघणारीं गांवें अजून पुष्कळ आहेत. सन २००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क दिला. कारखान्यांच्या आवारांत साखरशाळा निघाल्या. गांवींच हंगामी वसतिगृहें सुरू झालीं, ज्यांत मूल आजी-आजोबांपाशीं राहतें व जेवण शाळेंत मिळतें. ही कल्पना उत्तम आहे. मास्तराची पडवी व भाऊरावांची मूठ ह्यांचाच तो नवा अवतार. तक्रार ऐकूं येते ती वेळेची. उचल घेतलेलें कुटुंब दिवाळीच्या आगेमागे निघतें. वसतिगृहाची मंजुरी त्यानंतर आली तर तोंवर मूल उसाच्या फडांत पोंचलेलें असतें. मुलीची गोष्ट आणखी अवघड. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि जोडीस उचल अधिक. म्हणून मुलगी वयांत येतांच तिचें लग्न उरकण्याकडे घरांचा कल होतो. आठवी-नववींतील मुलीच्या जेवणाची व राहण्याची सोय ज्या गांवीं सप्टेंबरांतच ठरते, तेथें ती दहावीस बसते. इतर गांवीं ती त्या वर्षीं ट्रकवर चढते, आणि पुढच्या वर्षीं तिच्या नांवावर उचल घेतलेली असते.